वादळाची बातमी शेवटच्या घरापर्यंत कोण नेतं?

१२ नोव्हेंबर १९७०च्या रात्री भोला चक्रीवादळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलं आणि तीन ते पाच लाख माणसं गेली. नेमका आकडा आजवर कुणाला लावता आलेला नाही. एप्रिल १९९१ मध्ये त्याच किनाऱ्यावर तशाच ताकदीचं वादळ आलं, तेव्हा साधारण १ लाख ३८ हजार माणसं दगावली. नोव्हेंबर २००७ मध्ये सिद्र आलं. तेही अतितीव्र होतं, घरं आणि पिकं त्यानेही धुऊन नेली, पण सरकारी नोंदीतले मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास राहिले.

साडेतीन हजार हा आकडाही काही लहान नव्हे. पण लाखांवरून हजारांवर येणं जमलं ते बांगलादेश श्रीमंत झाला म्हणून नव्हे. २००७ मध्येही तो जगातल्या गरीब देशांतच मोजला जायचा. मग बदललं काय? या प्रश्नाचं उत्तर नीट पाहिलं, तर हवामानबदल, गरीब देश आणि ‘लोकसहभाग’ या तीन शब्दांभोवतीचं बरंचसं धुकं निवळतं.

आधी पाया पक्का करू. हवामानबदलावर काम करायचं म्हणजे तीन वेगवेगळी कामं असतात. पहिलं, कोळसा, तेल आणि वायू जाळणं कमी करून तापमानवाढ रोखायची. दुसरं, जे बदल आलेच आहेत आणि येणार आहेत, त्यांच्याशी जुळवून घ्यायचं: बांध, निवारे, दुष्काळात तग धरणारं बियाणं, वेळेवर मिळणारा इशारा. तिसरं, एवढं करूनही जे हातचं जाईल, त्याची भरपाई. श्रीमंत देशांत चर्चा बहुतेक पहिल्या कामाची होते. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरसारख्या देशात पहिल्या कामाला फारसा वावच नाही. अमेरिकेत माणशी वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नायजरमध्ये एका टनाचा जेमतेम दहावा भाग. ज्याने धूर केलाच नाही, त्याने तो आणखी किती कमी करायचा? त्याच्या वाट्याला दुसरं आणि तिसरं काम येतं.

मग तोच पूर, तोच दुष्काळ गरीब देशाला जास्त का झोडपतो? भूगोल हे एक कारण आहेच. उष्ण कटिबंधात पिकं आधीच तापमानाच्या काठावर असतात. आणखी दीड अंश चढला की उत्पादन घसरतं. पण मोठं कारण वादळ ओसरल्यानंतर दिसतं. विमा नाही, शिल्लक नाही, घर मातीचं, आणि सरकारची तिजोरी आधीच्या कर्जाच्या व्याजात अडकलेली. पाकिस्तानात २०२२ च्या पुराने ३ कोटी ३० लाख लोकांना फटका बसला, १,७०० हून अधिक माणसं गेली आणि सुमारे ३,००० कोटी डॉलरचं नुकसान झालं. जगाच्या उत्सर्जनात पाकिस्तानचा वाटा एका टक्क्याच्याही आत आहे. उभं राहायला पुन्हा कर्ज काढायचं, ते फिटायच्या आत पुढचा पूर. हे चक्र बाहेरून आलेल्या तंबूंनी आणि बिस्किटांच्या पुड्यांनी तुटत नाही.

आता पुन्हा बांगलादेशच्या किनाऱ्यावर जाऊ. १९७० मध्ये वादळ येतंय हे हवामान खात्याला ठाऊक होतं. उपग्रहाची चित्रं होती, रेडिओवर इशाराही गेला होता. पण तो इशारा चराच्या, म्हणजे नदीच्या गाळाने बनलेल्या बेटाच्या, टोकावरल्या झोपडीपर्यंत नीट पोहोचला नाही. जिथे पोहोचला तिथे लोकांना त्याचा अर्थ कळला नाही, आणि कळला असता तरी जायला जागा नव्हती. माहिती आणि माणूस यांच्यामधला हा शेवटचा टप्पा भरून काढायला १९७२ च्या सुमारास रेड क्रॉस आणि तिथल्या सरकारने मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. त्याचा कणा म्हणजे गावातलेच स्वयंसेवक. आज ते ७० हजारांहून जास्त आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत.

त्यांची साधनं पाहिली तर हसू येईल इतकी साधी आहेत. हाताने फिरवायचा भोंगा, मेगाफोन, ट्रान्झिस्टर, आणि बांबूवर चढवायचे झेंडे. एक झेंडा म्हणजे लक्ष ठेवा. धोका वाढला की दुसरा चढतो. तिसरा चढला की निवाऱ्याकडे निघा. वाचता न येणाऱ्यालाही हे कळतं, आणि वीज गेली तरी झेंडा दिसतो. शिवाय सांगणारा माणूस ओळखीचा असतो. कुठल्या घरात म्हातारी अंथरुणाला खिळलीय, कुणाचा नवरा मासेमारीला गेलाय, हे त्याला विचारावं लागत नाही.

तरीही १९९१ मध्ये एवढी माणसं का गेली? निवारे अपुरे होते हे एक. दुसरं कारण आकड्यांत दिसलं: २० ते ४४ वयोगटात स्त्रियांचा मृत्युदर पुरुषांच्या चौपटीहून जास्त होता. घर आणि मुलं सोडून कसं निघायचं, नवऱ्याला न विचारता कसं जायचं, परक्या पुरुषांच्या गर्दीत एकाच खोलीत रात्र कशी काढायची, शौचालयाचं काय? निवारा बांधणाऱ्या इंजिनिअरच्या नकाशात हे प्रश्न नव्हते. पुढे पथकांत स्त्रियांची संख्या वाढवली गेली आणि निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय होऊ लागली. अडचण जनावरांचीही होती. ज्याची सगळी पुंजी एका गाईत आहे, तो गाय मागे टाकून निघत नाही. म्हणून गुरांसाठी मातीचे उंच ओटे बांधले गेले. गुरं सुरक्षित झाली की माणूसही हलतो, हे गावातल्या कुणीही पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

या लेखात मला जे सांगायचं आहे ते इथे सापडतं. लोकांनी केलेलं काम टिकतं ते जिथे निर्णयही त्यांच्याकडे असतो तिथे. श्रमदानाला लोक, खड्डे खणायला लोक, फोटोला लोक, आणि ठरवायला मात्र कुणी दुसरंच, अशी बरीचशी ‘लोकसहभागी’ कामं तीन वर्षांत बंद पडतात. प्रकल्पाची मुदत बहुधा तेवढीच असते.

नायजरची गोष्ट या बाबतीत सगळ्यात बोलकी आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेची ही पट्टी १९७० आणि ८० च्या दशकांत दुष्काळांनी पार होरपळली. झाडं लावायच्या मोठमोठ्या मोहिमा झाल्या. रोपवाटिका काढल्या, लाखो रोपं वाटली. बहुतेक रोपं मेली. पाणी कुणी घालायचं, शेळ्यांपासून राखायचं कुणी? १९८३ च्या सुमारास मारादी भागात टोनी रिनाउदो हे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ असंच वनीकरणाचं अपयशी ठरलेलं काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं म्हणून दिसतात, ती झुडपं नाहीतच. पूर्वी तोडलेल्या झाडांच्या खुंटांना फुटलेले ते धुमारे आहेत. जमिनीखाली मुळं जिवंत आहेत, खोल पाण्यापर्यंत गेलेली आहेत. शेतकरी दर वर्षी पेरणीआधी ते धुमारे साफ करून जाळतात, म्हणून झाड होत नाही, एवढंच.

मग करायचं काय? खुंटावरचे चार-पाच सरळ, जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे. वर्षभरात ते डोक्याइतके होतात. ना रोप विकत आणायचं, ना पाणी घालायचं. हत्यार म्हणजे घरातला कोयता. पालापाचोळ्याने जमीन सुधारते, वारा अडतो, कोवळ्या पिकाला वाळूचा मार बसत नाही, आणि छाटलेलं सरपण बाजारात विकता येतं. तिथलं ‘गाओ’ नावाचं झाड तर शेतकऱ्याचा सोबतीच म्हणावं असं: पावसाळ्यात त्याची पानं झडतात, त्यामुळे बाजरीवर सावली पडत नाही, कोरड्या दिवसांत ते हिरवं असतं आणि त्याच्या शेंगा गुरं खातात. मुळं जमिनीत नत्र साठवतात ते वेगळंच.

ही पद्धत शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे पसरली. कुठलंही मोठं खातं ती चालवत नव्हतं. इतकं की, साधारण वीस वर्षांनी अभ्यासकांनी जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवली, तेव्हा कुठे जगाला पत्ता लागला: दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली होती.

आता यातला कायद्याचा भाग, जो बहुतेक गोडगोड लेखांत गाळला जातो. फ्रेंच अमलापासून चालत आलेल्या कायद्यानुसार झाड सरकारच्या मालकीचं होतं, मग ते तुमच्या शेतात का असेना. स्वतःच्या बांधावरची फांदी तोडली तरी वनरक्षक दंड करायचा. अशा वेळी शहाणा शेतकरी काय करेल? झाड वाढूच देणार नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही अंमलबजावणी सैल झाली, माझ्या शेतातलं झाड माझं असं शेतकरी धरून चालू लागले, आणि मगच धुमारे राखण्यात अर्थ उरला. तंत्र सोपं होतं. झाडावरचा हक्क मिळाला नसता तर ते एका प्रकल्प-अहवालात पडून राहिलं असतं.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने १९८० च्या सुमारास ‘झाई’ खड्ड्यांची जुनी रीत सुधारून वापरली. कडक, पापुद्रा धरलेल्या जमिनीत पावसाआधी लहान लहान खड्डे घ्यायचे आणि त्यांत शेणखत टाकायचं. खताच्या वासाने वाळवी येते, ती जमीन पोखरते, आणि पहिला पाऊस वाहून न जाता त्या भोकांतून खाली मुरतो. मग खड्ड्यात ज्वारी किंवा बाजरी पेरायची. वाळवीला कामाला लावणारी शेती मला फार आवडते. पण यात मेहनत अफाट आहे, हेक्टरला काही शे तासांची, आणि ज्या घरात काम करणारे हात नाहीत त्या घराला ती झेपत नाही. सावादोगोंना २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाला, २०२३ मध्ये ते गेले. मधल्या काळात गाव वाढत गेलं आणि त्यांनी उभ्या केलेल्या रानाचा काही भाग घरांच्या प्लॉटिंगमध्ये सापडला. जमीन सुधारली की तिच्यावर नजरही पडते.

दर वेळी गाव आणि तज्ज्ञ हातात हात घालून चालतात असंही नाही. कधी गाव तज्ज्ञांनी बांधलेलं तोडतं. बांगलादेशच्या नैर्ऋत्येला १९६० च्या दशकात परदेशी पैशातून कायमचे किनारबांध घातले गेले. समुद्राचं खारं पाणी शेतात येऊ नये हा हेतू, आणि सुरुवातीला पीक वाढलंही. पण त्या नद्यांच्या पाण्यात गाळ प्रचंड. पूर्वी भरतीचं पाणी शेतावर पसरायचं आणि गाळ टाकून जायचं. आता तो गाळ नदीच्याच पात्रात बसू लागला. नदी वर चढत गेली, बांधाआतली जमीन खालीच राहिली. पावसाचं पाणी बाहेर पडेना. हजारो एकर शेती वर्षानुवर्षं पाण्याखाली. खुलना जिल्ह्यातल्या बील डाकातिया या सखल भागातल्या लोकांनी अर्ज-विनंत्या करून पाहिल्या आणि १९९० मध्ये स्वतःच बांध कापला. भरती आत आली, गाळ बसला, जमीन उंचावू लागली. त्या भागात कायमच्या बांधांआधी अष्टमासी बांध असायचे, म्हणजे कोरड्या आठ महिन्यांपुरते मातीचे बांध, जे पावसाळ्यात काढून टाकत. लोकांनी केलं ते त्याच शहाणपणाचं पुढचं पाऊल होतं. आधी बेकायदा ठरलेली ही कृती पुढे सरकारी जलव्यवस्थापनात ‘भरती-ओहोटीचं नियोजन’ अशा नावाने शिरली.

पण इथेही हुरळून जायला नको. गाळ भरायचा म्हणजे एखाद्या बीलातली, म्हणजे सखल भागातली, जमीन काही वर्षं पाण्याखाली सोडायची. ती कुणाची? भरपाई वेळेवर मिळाली नाही की गावातच दोन तट पडतात. ज्याची जमीन बुडते तो विरोधात, ज्याची सुकते तो बाजूने, आणि ज्याला जमीनच नाही, त्या मजुराला कुणी विचारतच नाही. ‘गाव’ म्हणजे एकमताने बोलणारी एक व्यक्ती नसते. समितीत कोण बसतं, बैठक कोणत्या वेळी होते, बायका तोंड उघडू शकतात का, यावर ‘लोकांचा निर्णय’ नेमका कुणाचा ते ठरतं.

आता पैशाकडे वळू, कारण शेवटी घोडं तिथेच पेंड खातं. २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला: २०२० पासून गरीब देशांच्या हवामान-कामांसाठी वर्षाला १०,००० कोटी डॉलर उभे करू. तो आकडा पहिल्यांदा गाठला २०२२ मध्ये, दोन वर्षं उशिरा. त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा भाग अनुदान नसून कर्ज होता. म्हणजे ज्याने धूर केला नाही, त्यानेच कर्ज काढून छप्पर शाकारायचं. २०२४ मध्ये बाकूच्या हवामान परिषदेत नवा आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०,००० कोटी. गरीब देशांच्या प्रतिनिधींनी तो तिथल्या तिथे अपुरा म्हणून नाकारायचा प्रयत्न केला.

जो पैसा येतो तोही जातो कुठे? आंतरराष्ट्रीय हवामान निधींनी २००३ ते २०१६ या काळात मंजूर केलेल्या रकमेपैकी स्थानिक पातळीवरच्या कामांना १० टक्क्यांहूनही कमी वाट्याला आले, असं लंडनच्या एका संशोधन संस्थेने मोजून दाखवलं. कालव्याच्या शेपटाला पाणी पोहोचत नाही, तसंच हे. दाता देश, मग बँक, मग मंत्रालय, मग सल्लागार कंपनी, मग मोठी संस्था. प्रत्येक ठिकाणी थोडं मुरतं. शिवाय अर्ज करायला इंग्रजीतले शेकडो पानांचे कागद, लेखापरीक्षणाची अट, काही पैसा स्वतः घालण्याची, म्हणजे सह-निधीची, अट. बांध कापायला जमलेल्या माणसांना हा अर्ज कसा भरता येणार? पैसे देणाऱ्यांची अडचणही खोटी नाही. पाच कोटींचा एक प्रकल्प तपासणं सोपं, पाच लाखांचे शंभर तपासणं अवघड. पण सोय कुणाची बघायची, हा प्रश्न उरतोच.

याला उत्तर नाही असं नाही. केनियाच्या इसिओलो जिल्ह्यात २०११ च्या सुमारास एक वेगळी रचना करून पाहिली. जिल्ह्याचा हवामान निधी केला आणि त्यातला ७० टक्के पैसा खालच्या प्रभागांतल्या, लोकांनी निवडलेल्या समित्यांनी ठरवलेल्या कामांना राखून ठेवला. जिल्हा पातळीवरच्या समितीला प्रस्ताव सुधारून मागता यायचा, पण निकषांत बसणारं काम आपल्या मर्जीने बदलून दुसरंच घुसडता यायचं नाही. तिथली माणसं गुरं राखणारी. त्यांनी मागितलं काय? बोअरवेलची रांग नव्हे. हंगामी कुरणं कोणत्या महिन्यात बंद ठेवायची आणि कोणत्या महिन्यात खुली करायची, हे ठरवणारी त्यांची जुनी ज्येष्ठांची व्यवस्था होती, तिला बळ द्या, आणि दुष्काळातले राखीव पाणवठे दुरुस्त करा. सुक्या दिवसांसाठी राखलेल्या कुरणात बारमाही पाणी केलं, तर गुरं बारा महिने तिथेच थांबतात आणि दुष्काळ पडायच्या आधीच चारा संपतो. बाहेरून आलेल्या माणसाला पाणी दिसतं. गुराख्याला पाण्यापलीकडचा चारा दिसतो. ही रचना पुढे केनियातल्या इतर जिल्ह्यांत गेली.

आणि तरीही गावाच्या हातात सगळं नाही. समुद्र चढला तर खड्डे खणून आणि धुमारे राखून भागत नाही. फिजीतलं वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये अख्खंच्या अख्खं डोंगराकडे सरकलं. पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. याला ‘जुळवून घेणं’ म्हणायचं की नुकसान? मी नुकसान म्हणेन. गरीब माणसाच्या चिकाटीचं कौतुक करता करता त्याच्यावरच सगळा भार टाकून मोकळं व्हायची एक सोयीस्कर सवय लागलेली आहे, आणि त्या सवयीवर इलाज म्हणून काही गावं आता न्यायालयात जाऊ लागली आहेत.

पेरूच्या वाराझ शहरातले शेतकरी साउल लुसियानो यूया यांनी २०१५ मध्ये आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर जर्मनीतच दावा लावला. वितळणाऱ्या हिमनदीखालचं तळं फुटलं तर त्यांचं घर वाहून जाईल. कंपनीचा जागतिक उत्सर्जनात ०.४७ टक्के वाटा. तर संरक्षणाच्या खर्चाचा तेवढाच वाटा तिने उचलावा, म्हणजे सुमारे १७ हजार युरो. मे २०२५ मध्ये ते हरले, कारण त्यांच्या घराला असलेला धोका न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं की मोठे उत्सर्जक तत्त्वतः अशा नुकसानीला जबाबदार धरले जाऊ शकतात. इकडे दक्षिण प्रशांत विद्यापीठातल्या २७ कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये एक कल्पना मांडली: हवामानबदलाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, ते आंतरराष्ट्रीय न्यायालयालाच विचारू. वानुआतू या प्रशांत महासागरातल्या बेटदेशाच्या सरकारने ती उचलून धरली, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाचं मत आलं. हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर बांधिलकी आहे, आणि ती मोडली तर भरपाई देण्याची वेळ येऊ शकते. हे मत बंधनकारक नाही, पण देशोदेशींच्या न्यायालयांत आता त्याचा आधार घेतला जाईल.

भरपाईसाठीचा जागतिक निधी २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत मंजूर झाला. लहान बेटदेशांनी, वानुआतूच्या पुढाकाराने, हीच मागणी पहिल्यांदा १९९१ मध्ये केली होती. मधे एकतीस वर्षं गेली. निधीचं मंडळ बसलं आहे, फिलिपिन्स त्या मंडळाचा यजमान देश आहे, आणि पहिल्या टप्प्यात वाटायला २५ कोटी डॉलर काढून ठेवले आहेत. पाकिस्तानच्या त्या एका पुराचं नुकसान ३,००० कोटींचं होतं. सध्या वाद आहे तो या २५ कोटींतला काही हिस्सा मंत्रालयांना वळसा घालून थेट गावांच्या हातात कसा द्यायचा, यावर.